आगबोटीचे उतारू

या बंदराचं नाव मी लिहिणार नाही. देवगडकडून मालवणला समुद्राच्या कडेकडेने येताना ते लागतं, एवढं पुरे. परत आल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, नाव सांगा ना, आम्हीही जाऊन येतो. मी कुणालाच सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही ते पुढे वाचाल तेव्हा कळेल. ज्यांना खरंच जायचंय ते विचारत विचारत जातील. मीही तशीच गेले.

आधी जाण्याचं कारण सांगते. मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्या गावाला नॅरोगेजचं छोटं स्टेशन होतं, दगडी भिंतींचं आणि वर कौलं. गाडी बंद झाली तेव्हा आम्ही काही जणांनी ठरवलं की इथे गावाचं संग्रहालय करायचं. निवेदनं दिली, सह्या घेतल्या, येईल त्या साहेबाला चहा पाजला, प्रत्येकाने "कल्पना छान आहे" म्हटलं. मग एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत स्टेशन नव्हतं. आता तिथे दुकानगाळे आहेत. त्या रस्त्याने जाताना मी अजून मान दुसरीकडे वळवते. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर 'वारसा' हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं. अशात माझ्या भाचीने सांगितलं की मालवणकडच्या एका गावाने आगबोटीच्या जुन्या तिकीटघराचं म्युझियम केलंय, आणि तेही कुणालाही न विचारता. 'कुणालाही न विचारता' एवढंच ऐकलं आणि मी पिशवी भरायला घेतली.

आम्हा घाटावरच्यांना आगबोट म्हणजे काय ते नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगते. कोकणात रेल्वे आली फार उशिरा, आणि आली ती समुद्रापासून लांब, आतल्या अंगाने. त्याआधी मुंबईला जायचं तर बोट. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून होड्या उतारूंना तिच्यापर्यंत नेऊन पोचवायच्या. उतारू म्हणजे प्रवासी; हा शब्द तिथे अजून जिवंत आहे. बंदरावरचं तिकीटघर हेच त्यांचं स्टेशन. बोटी बंद पडून किती वर्षं झाली, पण म्हातारी माणसं अजून "बोटीच्या टायमाक" असं म्हणतात.

कट्टा

कोल्हापूरहून निघालेली आमची एस.टी. घाट शहाण्यासारखी उतरली आणि मालवणच्या अलीकडे, कट्टा नावाच्या गावच्या स्टँडवर येऊन रुसली. ड्रायव्हरने पाना घेऊन खाली वाकून पाहिलं, उठला, हात झाडले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन उसळपाव मागवला. त्यावरून मी समजले की दुसरी गाडी बघावी लागणार.

मीही आत गेले. जवळ ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी होती. ती सोडल्यावर शेजारच्या टेबलावरचा माणूस ताटाकडे असा बघायला लागला की मला त्याला विचारावंच लागलं. त्याने चटणी घेतली, ठसका लागला, डोळे पुसले आणि पुन्हा घेतली. हा दत्ताराम. साठीचा, काटक, पायाशी नायलॉनच्या नव्या दोराचं भेंडोळं. त्याच बंदरावरच्या रापणीचा तो मुख्य. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोर घ्यायला तो बाजारात आला होता. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न 'कुठल्या गावचे' आणि दुसरा, मनातल्या मनात, 'कुठल्या जातीचे'. दत्तारामचा पहिला प्रश्न होता, एवढं तिखट खाऊन तुमच्या पोटाचं काय होतं.

म्युझियम बघायला निघालेय म्हटल्यावर तो जरा खजील झाला.

"आज येवन काय उपयोग? अर्धा म्युझम भायर आसा," तो म्हणाला. "टोप लग्नाक गेलो. खुर्ची शेजारचे आजयेक दाक्तराकडे न्हेवक दिली."

मला वाटलं थट्टा करतोय. तरी त्याच्याबरोबर दुसऱ्या गाडीत चढले.

तिकीटघर

थट्टा नव्हती. तिकीटघर खाडीच्या तोंडाशी आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, समुद्राकडे उघडणारं रुंद दार, एका बाजूला लाकडी गजांची तिकिटाची खिडकी आणि आत तिन्ही भिंतींना लागून उतारूंनी बसायचा चिऱ्याचा ओटा. बोट बंद झाल्यावर इथे कुणी जाळी वाळवली, कुणी बर्फाच्या पेट्या ठेवल्या, शेवटी कौलं खाली आली. मग गावातल्या दोन्ही वाड्यांनी, बंदरावरच्या मुसलमानांनी आणि वरच्या सड्याजवळच्या, म्हणजे कातळमाळाजवळच्या, शेतकऱ्यांनी, मिळून वासे घातले आणि छप्पर शाकारलं. आणि ज्याच्या घरात बोटीच्या वेळचं जे होतं ते त्याने इथे आणून ठेवलं. सामान तोलायचा काटा, होडीची वल्ही, चाकरमान्यांच्या पत्र्याच्या ट्रंका, बोटीचा धूर दिसला की वाजवायची पितळी घंटा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाण्यातून उचलून होडीत नेण्याची दांड्यांची खुर्ची, आणि बोट चुकलेल्यांसाठी भात शिजवायचा तांब्याचा टोप.

फक्त देताना प्रत्येकाने एक अट घातली: गरज लागली की घरी नेणार. म्हणून कुठलीही वस्तू काचेत नाही. जी बाहेर गेली असेल तिच्या जागी खुंटीवर आंब्याची डहाळी अडकवतात. डहाळी हिरवी असेल तर वस्तू नुकतीच गेली, पार वाळली असेल तर परत मागायची वेळ झाली. मी गेले तेव्हा भिंतीवर वस्तूंपेक्षा डहाळ्याच जास्त होत्या. मला आधी राग आला. एवढा घाट उतरून आले आणि बघायला आंब्याची पानं? पण तासाभराने एक बाई ती खुर्ची परत घेऊन आली, तिने ओलं फडकं फिरवून ती पुसली, डहाळी काढून केसात खोचली आणि खुर्ची जागेवर ठेवून निघून गेली. माझ्या पाहण्यातलं हे पहिलं म्युझियम, जिथलं सामान दमून घरी येतं.

माझी उतरायची सोय जैनबखालाकडे झाली. गाव तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणतं, हिंदू पोरंसुद्धा. एकटी राहते, दार तिकीटघरासमोर. सकाळी आधी तिकीटघर झाडते आणि मग स्वतःचं अंगण. बांधा लहान, आवाज मोठा. संध्याकाळी तिने माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत दाट कालवण, ठेवलं. मी मटण खाणारी बाई, काट्यांशी माझी ओळख नाही. दोन घासांत घशाला हात लावला. खालाने माझं ताट ओढून घेतलं, सगळे काटे काढून दिले आणि वर म्हणाली की तुमच्याकडे बोकडाला हाडं नसतात का.

जेवता जेवता तिने सांगितलं. तिचं माहेर उत्तरेकडच्या एका बंदरातलं. लग्न होऊन ती बोटीने इथे आली. होडीतून उतरून तिकीटघरात शिरली तोच असा वारा सुटला की खाडी ओलांडून पलीकडच्या, त्या वेळच्या सासरघरी जाता येईना. नवरी आणि वऱ्हाड रात्रभर त्या ओट्यावर. ज्यांचं नावही माहीत नाही अशा बायकांनी टोपात भात शिजवून आणला, एकीने तिच्या ओल्या ओढणीवर आपली घोंगडी टाकली.

"सासर मागसून गावला," खाला म्हणाली. "नवरी म्हणान पयलो पाय मी थंय ठेवलंय. माझा घर ताच."

रापण

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन दोर, प्रत्येकाला माणसांची रांग, मागे मागे सरकत जाळं वाळूवर घेतात. आमच्याकडे विहिरीवरची मोट गेली तसं असं एकत्र ओढणं संपलं, आता चार माणसं एकत्र येतात ती ट्रॅक्टरचा हप्ता फेडायला. मी बघत उभी होते, मग बघवेना म्हणून दोराला हात लावला. तळहात सोलवटले, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, एक चप्पल लाटेने नेली ती नेलीच. जाळं आलं. दत्तारामने वाळूवर मासळीचे ढीग घातले आणि एका ढिगाकडे बोट दाखवून मला बोलावलं. मी नको नको म्हणत होते.

"हात लायलात मा? मगे वाटो तुमचो," एवढंच म्हणून तो पुढे गेला.

हा तिथला जुना रिवाज. जाळं कुणाचं, होडी कुणाची, ते वेगळं. पण दोराला हात लावला त्याचा वाटा, मग तो वाटसरू का असेना. तिकीटघराचा कारभारही याच रिवाजाने चालतो, असं मला कळलं. अध्यक्ष नाही, सेक्रेटरी नाही. शाकारणीला, झाडलोटीला ज्याचा हात लागतो त्याचा शब्द चालतो. आमच्या स्टेशनबचाव समितीत कामापेक्षा पदंच जास्त होती. ते आठवून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

मासळी घेऊन आम्ही वर येतो तोच बातमी आली. तिकीटघराची जागा सरकारी आहे. जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीतले साहेब दुसऱ्या दिवशी येणार, वास्तूचा आहे त्या सामानासकट ताबा घेणार, कुलूप लावून सील करणार आणि मग ती एका हॉटेलवाल्याला चालवायला देणार. पर्यटकांसाठी कॉफी, भिंतीवर आपली वल्ही आणि घंटा, आत जायला तिकीट. हे सगळं मी एकदा पाहिलं होतं.

दुपारी ओट्यावर बैठक बसली. कुणी निवेदन द्यायचं म्हणालं. मी पाहुणी, पण राहवेना. निवेदनाचा काय उपयोग होतो ते मला विचारा, असं म्हणून मी आमच्या स्टेशनची सगळी कथा सांगितली. मग दत्तारामला युक्ती सुचली. आपली अटच आहे, गरज लागली की वस्तू घरी न्यायची. उद्या सगळ्यांनाच गरज लागली तर? साहेबांना भिंती मिळतील, सामान मिळणार नाही.

युक्ती सगळ्यांना आवडली आणि सगळ्यांत जास्त मला. मी तर टाळीच वाजवली. खाला मात्र उठून तिकीटघर झाडायला लागली. तिन्हीसांजेपर्यंत तिकीटघर रिकामं झालं. काटा एकाकडे, वल्ही दुसऱ्याकडे, टोप तर लग्नघरीच होता. खुंट्यांना पुरतील एवढ्या डहाळ्याही कुणी आणल्या नाहीत, कारण सगळे युक्तीच्या आनंदात हसत होते. मीही एक पत्र्याची ट्रंक उचलून कुणाच्या तरी पडवीत नेऊन ठेवली.

ओट्यावर

साहेब आले, बरोबर हॉटेलवाला आणि एक शिपाई. साहेब वयाने तरुण, बोलायला नीट. त्यांनी आत पाऊल टाकलं, चहूकडे पाहिलं. आम्ही दारात उभे, गालातल्या गालात हसत. आता यांचं तोंड पडेल, असं वाटत होतं.

साहेबांचं तोंड पडलं नाही. ते म्हणाले, "बरं झालं. सामान असतं तर त्याचा पंचनामा करत बसावं लागलं असतं. वास्तू वापरात नाही, रिकामी आहे, असं लिहिलं की काम झालं."

हॉटेलवाला पावलांनी खोलीची लांबी मोजू लागला. दत्तारामचा चेहरा राखेसारखा झाला. आम्ही आमच्याच हातांनी त्यांचं काम सोपं करून ठेवलं होतं. जो तो साहेबांना कचेरीतल्या शुद्ध मराठीत विनंती करायला लागला. आम्ही याची देखभाल करतो, आमची वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, कृपया विचार व्हावा. साहेब मान हलवत होते आणि शिपाई कुलूप काढत होता. मला आमचा जेसीबी दिसायला लागला. मी साहेबांना काही तरी लागेल असं बोलले, त्यावर ते म्हणाले, तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्ही तरी या लोकांना समजवा. 'या लोकांना' हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात खाला आली. अंगावर ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर, काखेत कपड्यांचं बोचकं. आमच्यातून वाट काढत ती आत गेली, ओट्याच्या कोपऱ्यात बसली, बोचकं मांडीवर घेतलं आणि दारातून समुद्राकडे बघायला लागली.

"आजी, बाहेर बसा. दार लावायचंय," साहेब म्हणाले.

खाला त्यांच्याशी मालवणीतच बोलली, जशी माझ्याशी बोलायची तशी.

"उतारू बसलेलो आसताना दार लावचा नाय, असो हंयचो कायदो. बोटीक टायम नसता. वारो आसलो तर लेट होता. माझ्या लग्नाच्या टायमाक रातभर दार उघडा होता."

"कुठली बोट?"

"मुंबैची."

साहेबांनी शांतपणे सांगितलं की बोट बंद झालीय. खाला म्हणाली की तिला कुणी तसं सांगायला आलं नव्हतं. तिची बोट यायची आहे आणि ती बसणार. साहेबांनी विचारलं, किती वेळ?

"बोट येयसर."

मग दत्ताराम वळला आणि चालायला लागला. मला वाटलं बिचारा खचला. थोड्या वेळाने तो वल्ही खांद्यावर घेऊन परत आला आणि खालाच्या शेजारी बसला. त्याच्या मागे काटेवाला काटा घेऊन आला. खुर्ची आली, त्या खुर्चीत परवा डॉक्टरकडे गेलेली आजी बसून आली, चार जणांनी उचललेली, हातात औषधाची पिशवी. ट्रंका आल्या. लग्नघरातून टोप आला, त्यात काठोकाठ पेज होती. मशिदीच्या कट्ट्यावरची म्हातारी मंडळी घंटा घेऊन आली. ती खुंटीला अडकवल्यावर एकाने हळूच एक टोला दिला. शिपाई म्हणाला, हे काय सामान? तर त्याला उत्तर मिळालं, उतारूंचं.

ओटा भरला, तेव्हा लोक जमिनीवर बसले. साहेब एकेकाला विचारत होते, तुम्ही कुठे निघालात, आणि प्रत्येक जण सांगत होता, मुंबैक. खुर्चीतल्या आजीनेही सांगितलं आणि वर विचारलं की बोटीवर उलटी होते त्यावर तुमच्याकडे काही गोळी आहे का. मी दाराशी उभी होते. आमच्या स्टेशनच्या वेळी आम्ही सह्या जमवत गावभर फिरलो. फलाटावर जाऊन बसावं, हे एकालाही सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी आत गेले आणि जागा करून घेऊन ओट्यावर बसले.

साहेब माझ्यासमोर आले. "तुम्ही तर इथल्या नाही. तुम्ही कुठे निघालात?"

"मुंबईला," मी म्हटलं. "तिकिटाची खिडकी कधी उघडणार, साहेब?"

कुणी हसलं नाही. सगळे साहेबांकडे बघत होते, खरंच उत्तर हवं असल्यासारखे. साहेबांनी फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलले. हॉटेलवाल्याने घड्याळ पाहिलं, आणि मग, त्याच्याही नकळत असेल, समुद्राकडे पाहिलं. खालाने त्या दोघांना आणि शिपायाला पेज दिली, वर लोणच्याची फोड. तिघांनीही खाल्ली. उन्हं कलली तेव्हा शिपायाने कुलूप पिशवीत टाकलं. आत उतारू असल्यामुळे आज ताबा घेता आला नाही, असं काहीसं साहेबांनी लिहिलं आणि पुन्हा येईन म्हणाले. दत्ताराम म्हणाला, या.

मी आणखी चार दिवस राहिले, रिझर्वेशन बुडालं. तोवर पाळ्या ठरल्या होत्या. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ओट्यावर कुणी ना कुणी बोचकं घेऊन बसलेलं असतं. जाळं विणतात, तांदूळ निवडतात, भांडतात, पेपर वाचतात. कुणाला एखादी वस्तू लागली तर नेतात, डहाळी अडकवतात, पण माणूस हलत नाही. मी घरी आल्यानंतर साहेब पुन्हा येऊन गेले. खालाने त्यांना सांगितलं म्हणे, वारो आसा, बोट लेट आसा. हॉटेलवाला आता किनाऱ्यावर दुसरं बंदर शोधतोय असं ऐकते. त्याच्यासारखे आणखी कुणी इथे पोचू नयेत, म्हणूनच मी नाव लिहिलेलं नाही.

तिकीटघर वाचलं, असं मी म्हणणार नाही. कागदावर ते अजून सरकारचं आहे आणि शिपायाच्या पिशवीतलं कुलूपही शाबूत आहे. पण दार उघडं आहे. दोराला हात लावलेल्यांत मीही आले, म्हणून पाळीत माझंही नाव आहे, शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात. घरच्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, बोटीला जातेय. साहेबांना तेव्हा यायचं असेल तर त्यांनी खुशाल यावं. आत शिरल्यावर उजव्या हाताला, तिकिटाच्या खिडकीखाली मी बसलेली असेन.